जांघेतला आडवळणी हर्निया: जाळीचं पाकीट फोडण्याआधी

हा लेख तालुक्याच्या ठिकाणी किंवा कोल्हापुरात इमर्जन्सी ड्यूटी करणाऱ्या सर्जन आणि रेसिडेंट मंडळींसाठी आहे. नेहमीच्या इन्ग्वायनल हर्नियाबद्दल इथे काही नाही. फेमोरल (मांडीच्या मोठ्या शिरेशेजारून उतरणारा), ऑब्च्युरेटर (ओटीपोटाच्या हाडातल्या भोकातून उतरणारा) आणि सरकता हर्निया, किंवा हर्नियाची पिशवी उघडल्यावर अपेंडिक्स, मेकेल (लहान आतड्याला जन्मतः असलेला पोकळ कोंब), आतड्याची नुसती एक कड, मूत्राशय, अंडाशय असं काही निघालं तर काय करायचं, तेवढंच.

या केसेसमध्ये हात कमी चुकतो, क्रम जास्त चुकतो. आत काय आहे हे कळायच्या आधीच ते ढकलून दिलं जातं. पिशवी बंद असतानाच तिच्या मानेभोवतीचं आवळणारं कडं कापलं जातं. आणि ट्रॉलीवर दुरुस्तीच्या जाळीचं पाकीट सुरुवातीलाच फोडून ठेवलेलं असतं. पाकीट एकदा फुटलं की मन जाळी वापरण्याकडेच झुकतं, शिवाय बिल लागलेलं असतं ते वेगळंच. सिस्टरांना आधीच सांगून ठेवा: मी मागितल्याशिवाय जाळी फोडायची नाही.

पायरी १: कॅज्युअल्टीत जांघ उघडून बघा

पोट फुगलंय, उलट्या होतायत, पोटावर जुन्या ऑपरेशनची खूण नाही. असा पेशंट आला की दोन्ही जांघा उघड्या केल्याशिवाय एक्स-रेचा कागद लिहू नका. सगळ्यात जास्त फसगत होते ती सत्तरीच्या, काटकुळ्या, नऊवारी नेसलेल्या आजींच्या बाबतीत. काष्टा नेमका जांघेवरून जातो. आजी लाजतात, सून बाहेर उभी असते, डॉक्टर लुगड्यावरूनच पोट चाचपतो आणि केसपेपरवर ‘हर्नियाच्या जागा मोकळ्या’ असं लिहून मोकळा होतो. सिस्टरला सोबत घ्या, पडदा ओढा, काष्टा सोडायला लावा. सुपारीएवढी गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते.

गाठ सापडली की पुढचा प्रश्न तिच्या मानेचा. जघनाच्या हाडाचा उंचवटा, म्हणजे प्युबिक ट्युबरकल, हा खुणेचा दगड. मान त्याच्या वर आणि आतल्या बाजूला असेल तर इन्ग्वायनल, खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फेमोरल. जाड पेशंटमध्ये हा उंचवटा सापडत नाही. अशा वेळी गुडघा थोडा वाकवून मांडी बाहेर न्या, पेशंटला ती आत ओढायला सांगा आणि हाताने विरोध करा. मांडीच्या आत जी दोरी ताठ होते ती ॲडक्टर लाँगस. तिच्यावरून बोट वर नेत गेलात की उंचवटा लागतो. गाठीचा फुगवटा कुठे आहे यावर जाऊ नका. फेमोरलचा फुगवटा वर वळून इन्ग्वायनल लिगामेंटवर (जांघेच्या घडीतल्या पट्टीवर) येऊन बसतो आणि इन्ग्वायनलसारखा दिसतो. मान मात्र जागा सोडत नाही.

दुसरी फसगत अवधाणाची, म्हणजे जखमेमुळे सुजून येणाऱ्या गाठीची. पायाला ठेच लागली, उसाच्या फडात पाचट टोचलं, की जांघेत अवधाण येतं हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे लिगामेंटखालच्या कडक, दुखऱ्या गाठीवर आठवडाभर अँटिबायोटिक चालू राहतं. तळवा, बोटांच्या बेचक्या, गुदद्वार, जननेंद्रिय हे सगळं बघा. जखम कुठेच नसेल तर गोळी लिहिण्याआधी सोनोग्राफी करा. फेमोरल पिशवीत अडकलेलं अपेंडिक्स किंवा आतड्याची कड ही अगदी अशीच दिसते: ना उलटी, ना पोटफुगी, फक्त लाल झालेली गाठ.

सावध: जांघेतलं ‘गळू’ सोनोग्राफीशिवाय फोडू नका, सुईही घालू नका. आतड्याची कड आत मरून फुटलेली असेल तर चीर दिल्यावर पू येतो आणि दोन दिवसांनी त्याच जागेतून मळ येऊ लागतो. लिगामेंटच्या वर दाबलं की खाली लाट येते अशी थंड, न दुखणारी गाठ असेल तर मणक्याच्या क्षयाचा सोआस ॲब्सेस (मणक्याकडून खाली उतरलेला पू) आहे का, हेही बघा.

ऑब्च्युरेटर हर्नियात बाहेर काहीच दिसत नाही. आजी सांगतात, ‘मांडीच्या आतनं कळ येती, गुडघ्यापर्यंत जाती’, आणि त्यांच्यावर गुडघ्याच्या वाताचे उपचार चालू असतात. पाय सरळ करून बाहेर नेला आणि आत फिरवला की ती कळ वाढते, मांडी पोटाकडे घेतली की कमी होते. ही हॉशिप-रॉम्बर्ग खूण. सोबत ॲडक्टरचा रिफ्लेक्स बघा. गुडघ्याच्या साधारण ५ सेंटीमीटर वर, मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून त्यावर हातोडी मारा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय पण ॲडक्टरचा येत नाही, तर ही हॅनिंग्टन-किफ खूण. दोन्ही खुणा नसल्या तरी हर्निया असू शकतो. गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून तपासताना बाजूच्या भिंतीवर दुखरी गाठ लागते का, तेही बघा.

पायरी २: ढकलायचं की नाही

इथे नियम छोटे ठेवलेत, कारण रात्री दोनला मोठे नियम आठवत नाहीत.

फेमोरल: ढकलायचा नाही. ऑब्च्युरेटर: प्रश्नच येत नाही. इन्ग्वायनल: अडकून थोडेच तास झालेत, ताप नाही, कातडी लाल नाही, पोट कडक नाही, आतडं अडल्याची लक्षणं नाहीत, तरच एकदा. वेदनाशामक देऊन, पायाकडची बाजू उंच करून, हलक्या हाताने. एकदा म्हणजे एकदाच, आधी आरएमओ (ड्यूटीवरचा मेडिकल ऑफिसर), मग रेसिडेंट, मग सर्जन असं पाळीपाळीने नाही.

गाठ गेली म्हणून पेशंटला घरी पाठवू नका. आवळणारं कडं पिशवीच्या मानेतच असेल तर पिशवी कड्यासकट आत जाते आणि आतडं आतमध्ये आवळलेलंच राहतं. बाहेरून सगळं छान दिसतं, दुखणं मात्र थांबत नाही. २४ तास ॲडमिट ठेवा, पोट पुन्हापुन्हा तपासा.

लहान मुलीच्या जांघेतली घट्ट, हलणारी, शेंगदाण्याएवढी गाठ म्हणजे बहुतेक वेळा अंडाशय. ती दाबून आत घालायचा अट्टहास करू नका. पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून ऑपरेशनची तारीख लवकरची लावा.

पायरी ३: तपासण्या, आणि ऑपरेशन कुठे करायचं

नाकातली नळी, लघवीची नळी, रिंगर लॅक्टेट. लघवी ताशी प्रतिकिलो अर्धा मिलिलिटर होऊ लागली आणि पोटॅशियमचा आकडा हातात आला की भूलतज्ज्ञही खूश. रक्तातलं लॅक्टेट २ मिलीमोल प्रतिलिटरच्या वर असेल तर आतडं मेल्याचा संशय वाढतो. आकडा नॉर्मल आला म्हणून आतडं जिवंत आहे असं मात्र धरू नका.

सीटी स्कॅनच्या कागदावर ‘संपूर्ण पोट’ एवढंच लिहिलं की कधीकधी छायाचित्रं जघनाच्या हाडाच्या वरच्या कडेवरच थांबतात. ऑब्च्युरेटर हर्निया त्याच्या खाली असतो. ‘खालची मर्यादा लेसर ट्रोकँटर’ असं स्वतःच्या हाताने लिहा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टसाठी अडून बसू नका. पेक्टिनियस आणि ऑब्च्युरेटर एक्स्टर्नस या दोन स्नायूंच्या मध्ये आतड्याचं वेटोळं साध्या सीटीतही दिसतं. फेमोरलमध्ये शेजारची मांडीची मोठी शीर दबलेली दिसते. सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून) निघून पिशवीत गेलेली, टोक बंद असलेली नळी म्हणजे अपेंडिक्स. पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराची सूज) असेल तर सीटीची वाट बघण्यात अर्थ नाही.

सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) असो की खासगी हॉस्पिटल, पुढे पाठवायचं असेल तर पिशवी उघडण्याआधी पाठवा. रात्रीचा भूलतज्ज्ञ, आतडं जोडण्याची तयारी आणि रक्त यातलं एकही नसेल तर आवळलेल्या फेमोरलला हात घालू नका. चंदगड-आजऱ्याकडून येताना लागणारा वेळ हिशेबात धरा. पावसाळ्यात गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स निघण्याआधी फोन करून वाट मोकळी आहे का ते विचारा. चिठ्ठीत पाच गोष्टी हव्यात: गाठ आत जायची कधी थांबली, ढकलून बघितलं का आणि किती वेळा, शेवटचं खाणं, लघवी किती झाली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का.

जुनाट, आरामात आत जाणारा फेमोरल सापडला तर ‘सुगी झाल्यावर बघू’ असं म्हणू नका. फेमोरल आवळला जाण्याची शक्यता पहिल्या ३ महिन्यांत सुमारे २२ टक्के आणि २१ महिन्यांत सुमारे ४५ टक्के नोंदवलेली आहे. इन्ग्वायनलमध्ये हाच आकडा ३ महिन्यांत ३ टक्क्यांच्या आत आहे. पट्टा तर फेमोरलला मुळीच नको.

पायरी ४: संमती, भूल, चीर

संमती छापील फॉर्मवर सोडू नका. नातेवाइकांना असं सांगा: ‘आजींच्या जांघेत आतडं अडकलंय. बाहेरून दिसतंय तेवढंच काम असेल असं आत्ता सांगता येत नाही. आतडं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा काढून जोडावं लागेल, त्यासाठी पोट उघडावं लागू शकतं. जाळी आज बसवायची की नाही ते आत बघून ठरेल.’ अपेंडिक्स काढणं, आणि पुरुषांत गरज पडल्यास त्या बाजूची गोटी (वृषण) काढणं, हेही लेखी घ्या.

सेफॅझोलिन २ ग्रॅम, चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत. आतडं कापावं लागेल असं वाटत असेल तर मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम जोडा. पोट फुगलेल्या, कोरड्या पडलेल्या पेशंटला स्पायनल दिलं की दोन गोष्टी होतात: बीपी कोसळतं, आणि स्नायू सैल पडून आतलं आपसूक आत निसटतं. निसटलं तर ‘बरं झालं’ म्हणून जाळी लावून बंद करू नका. पिशवी उघडा, तिच्या तोंडाशी टाका फिरवून ५ मिलिमीटरची, ३० अंशांची दुर्बीण आत घाला, पाऱ्याच्या १० ते १२ मिलिमीटर दाबाचा गॅस भरा आणि ते वेटोळं शोधा. दुर्बीण नसेल तर बेंबीखालून छोटी चीर.

चीर कुठे? साधा, न अडकलेला फेमोरल खालून, म्हणजे लॉकवुड पद्धतीने, छान होतो. आवळलेला मात्र खालून करू नका. मेलेलं आतडं त्या अरुंद कड्यातून बाहेर ओढता येत नाही आणि जोडलेलं आत घालता येत नाही. त्यासाठी वरून, पेरिटोनियमच्या बाहेरून जाणारी मॅकएव्हेडी, किंवा सरळ बेंबीखालची मधली चीर. ऑब्च्युरेटरला बेंबीखालची मधली चीर, किंवा हात बसलेला असेल तर लॅप्रोस्कोपी. ड्रेपिंग बेंबीच्या वरपासून मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही जांघा मोकळ्या.

पायरी ५: आधी पिशवी, मग कडं

याच पायरीवर सगळ्यात जास्त केसेस बिघडतात.

१. पिशवी मानेपर्यंत मोकळी करा. कडं अजून कापू नका.
२. पिशवीचं टोक दोन आर्टरी फोर्सेप्समध्ये उचलून उघडा. आतली, म्हणजे मूत्राशयाकडची, आणि मागची बाजू सोडा.
३. पाणी कसं आहे ते बघा. पिवळसर, लालसर की काळपट, वास येतोय का. कल्चरला पाठवा.
४. आतला अवयव ओल्या मॉपमध्ये किंवा बॅबकॉक चिमट्यात धरून ठेवा. असिस्टंटच्या हातात द्या आणि ‘सोडायचं नाही’ असं सांगा.
५. आता कडं कापा. इन्ग्वायनलमध्ये आतलं कडं वर आणि बाहेरच्या बाजूला कापा, कारण इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या आतल्या बाजूने जातात. फेमोरलमध्ये बाहेर शीर आहे, तिकडे सुरी न्यायची नाही. आतल्या बाजूचं लॅक्युनर लिगामेंट कापायचं, तेही डोळ्यांनी बघत. काही पेशंटमध्ये ऑब्च्युरेटर धमनीची वेगळ्या वाटेने जाणारी फांदी नेमकी तिथेच असते, आणि ती कापली तर आत ओढली जाऊन सापडत नाही. ऑब्च्युरेटरमध्ये आधी बोथट टोकाने कडं सैल करून बघा. नाहीच सुटलं तर नस आणि रक्तवाहिन्या दिसत असतानाच ऑब्च्युरेटर भोकावरच्या पडद्याची खालची कड कापा. त्यांची जागा माणसागणिक थोडी बदलते.
६. आतडं दोन्ही बाजूंनी चांगलं दिसेपर्यंत बाहेर काढा.

तपासा: पिशवीत आतड्याची दोन वेटोळी आहेत का? असतील तर त्यांना जोडणारं तिसरं पोटात आहे, आणि मेलेलं असलं तर तेच असतं. हा मायडल हर्निया. पिशवीतली दोन्ही गुलाबी बघून आत ढकलली की पेशंट तिसऱ्या दिवशी पेरिटोनायटिस घेऊन येतो.

पिशवीची भिंत जाड, चरबीयुक्त लागली, आतलं बोट भिंतीतून दिसेना, भिंतीतच रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तर थांबा. हा सरकता हर्निया आहे. उजवीकडे सीकम, डावीकडे सिग्मॉइड, आतल्या बाजूला मूत्राशय. इथे अवयव हीच पिशवीची मागची भिंत असते. तो सोलायचा नाही, पिशवी वर बांधायच्या मागे लागायचं नाही. पुढची जादा भिंत कापून बंद करा आणि सगळं मिळून आत सरकवा.

पायरी ६: जे निघालं त्यानुसार

अपेंडिक्स. इन्ग्वायनल पिशवीत असेल तर अमयांड, फेमोरलमध्ये असेल तर द गारान्जो. नावापेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे. अपेंडिक्स निरोगी आहे का? सूज पिशवीपुरतीच आहे का? पोटात पू आहे का? पोटात आणखी काही आजार आहे का?

निरोगी असेल तर प्रौढ माणसात ते काढू नका. आत घाला, जाळी लावा. ‘हाताशी आलंय तर काढून टाकू’ म्हटलं की स्वच्छ ऑपरेशन अस्वच्छ होतं. हाताळल्याने आलेला लालसरपणा आणि खरी सूज यांत गल्लत होते. मेसो (अपेंडिक्सला धरणारा पडदा) जाड झालंय का, फायब्रिन (सुजेचा पांढरट थर) चिकटलंय का, अपेंडिक्स पेन्सिलीसारखं ताठ लागतंय का, ते बघा. मऊ लवचिक असेल आणि वरच्या बारीक शिरा नुसत्या भरलेल्या असतील तर ते निरोगी.

सूज पिशवीपुरती असेल तर त्याच चिरेतून काढा, पण बुडखा निरोगी दिसल्याशिवाय बांधू नका. सीकम दिसत नसेल तर कडं मोठं करा, अपेंडिक्स ओढू नका. जाळी नाही, टाक्यांची दुरुस्ती. पोटात पू असेल तर मधली चीर, अपेंडिक्स तिथून काढा, हर्निया टाक्यांनी बंद करा. गाठ किंवा दुसरा आजार सापडला तर त्याचा वेगळा विचार. डाव्या बाजूच्या पिशवीत अपेंडिक्स निघालं तर सीकम जागेवर आहे का, आतडी उलट बाजूला आहेत का, ते बघूनच पुढे जा.

आतड्याची नुसती कड (रिख्टर). आतड्याचा मार्ग पूर्ण बंद होत नाही, म्हणून पेशंटला शौचाला होत असतं आणि सगळे निर्धास्त असतात. कडं सुटल्यावर आवळल्याची पांढुरकी रेघ आणि मध्ये जांभळा डाग दिसतो. कोमट सलाइनचे मॉप, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि घड्याळ लावून १० मिनिटं. अंदाजाने नाही, कारण थिएटरमधली दहा मिनिटं चारच असतात. रंग परतला का, चकाकी आली का, चिमटीने डिवचल्यावर हलतं का, मेसेंटरीत (आतड्याला धरणाऱ्या पडद्यात) ठोके लागतात का? डाग घेराच्या निम्म्याहून कमी आणि कडा ठणठणीत असतील तर तेवढा भाग कापून आडवा शिवता येतो. त्याहून मोठा किंवा कडा शंकास्पद असतील तर तुकडा काढून जोडा. लांबलचक आतडं संशयित असेल तर सगळं कापू नका, २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडून बघा.

मेकेल. रुंद बुडखा, सूज बुडख्यापर्यंत, किंवा आत कडक काही लागतंय, तर आतड्याच्या तुकड्यासकट काढा. अरुंद, स्वच्छ बुडखा असेल तर आडवा कापून बंद करता येतो, फक्त आतड्याची वाट अरुंद होऊ देऊ नका.

मूत्राशय. वयस्कर पुरुष, लघवीची तक्रार, ‘गाठ दाबली की पुन्हा लघवी होती’ हे वाक्य. एवढ्यावर नळी आधीच घातलेली हवी. शंका आली तर नळीतून मिथिलिन ब्ल्यू घातलेलं २०० मिलिलिटर सलाइन भरा. उघडलं गेलं असेल तर विरघळणाऱ्या धाग्याने दोन थरांत शिवा, नळी ७ ते १४ दिवस.

अंडाशय. काळं दिसलं म्हणून लगेच काढू नका. पीळ सोडवा, थांबा, बहुतेक आत घालता येतं. गर्भाशयाची बीजवाहिनी नळी पिशवीच्या भिंतीत असते, म्हणून पिशवी आंधळेपणाने पिळून बांधू नका. मुलीच्या पिशवीत गोटीसारखं काही दिसलं, विशेषतः दोन्ही बाजूंना हर्निया असताना, तर काढू नका. हर्निया दुरुस्त करा, गुणसूत्रांची तपासणी पुढे करा, आणि पालकांशी बोलणं वॉर्डात सगळ्यांसमोर नको.

पायरी ७: आता जाळीचा निर्णय

आतडं जिवंत, काही कापलं नाही: जाळी लावा, आवळलेलं होतं म्हणून घाबरू नका. आतडं कापलं पण मळ सांडला नाही: जाळी चालते, तरी मधुमेह, स्टेरॉइड किंवा कुपोषण असेल तर आमचा कल टाक्यांकडे. मळ सांडला, पू आहे: जाळी नाही, प्लग (जाळीचं बूच) तर अजिबात नाही. निर्णय घेण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदला.

टाक्यांनी करायचं तर इन्ग्वायनलला शोल्डाइस पद्धत. फेमोरलला इन्ग्वायनल आणि पेक्टिनियल लिगामेंट २-० प्रोलिन धाग्याच्या दोन-तीन टाक्यांनी जोडा. टाके बांधण्याआधी शिरेजवळ करंगळीचं टोक सैल जातंय का ते बघा. नाही गेलं तर बाहेरचा टाका काढा. ऑब्च्युरेटरमध्ये मळ सांडला असेल तर भोक पेरिटोनियमने किंवा जवळच्या ब्रॉड लिगामेंटने झाका. दुसऱ्या बाजूचं भोक बघितल्याशिवाय पोट बंद करू नका.

पायरी ८: नोंद आणि घरी सोडणं

ऑपरेशन नोटमध्ये काय निघालं, रंग, किती मिनिटं थांबलो, कडं कुठल्या बाजूला कापलं, जाळी लावली की नाही आणि का, हे सगळं हवं. काढलेलं अपेंडिक्स आणि मेकेल पॅथॉलॉजीला पाठवाच, पन्नाशीपुढे तर हमखास. फेमोरलनंतर त्या बाजूचा पाय सुजला तर डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करा, ‘पाय लोंबकळलाय’ म्हणून सोडून देऊ नका.

जाळी लावलेला, गुंतागुंत नसलेला पेशंट सोसेल तसा कामाला लागू शकतो. टाक्यांच्या दुरुस्तीनंतर मोळी उचलणं, मागाचं जड काम, तालमीतली जोड हे ६ ते ८ आठवडे बंद. ऊसतोड मजूर टाके काढायच्या आधीच पुढच्या फडावर गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर ‘जाळी बसवलेली नाही’ हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, आणि मुकादमाचाही नंबर घेऊन ठेवा.